मराठी गाणं स्टाफ नोटेशनमध्ये लिहिताना: बीम कुठे जोडायचा, कुठे तोडायचा

म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा गाणं स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, टाइप करायला बसलात की एक गोष्ट लगेच दिसते. क्वेव्हर, म्हणजे अर्ध्या ठोक्याचे स्वर, एकामागून एक टाकत गेलं की सॉफ्टवेअर न विचारता त्यांना एका आडव्या जाड रेघेनं बांधून टाकतं. ही रेघ म्हणजे बीम. पेटी, व्हायोलिन किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्यासाठी ते ठीकच असतं. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे स्वरांची ओळ असते, खाली शब्दांची ओळ असते, आणि कोणतं अक्षर किती स्वरांवर ओढायचं हे त्याला गाता गाता, एका नजरेत कळावं लागतं. बीम चुकीच्या जागी असेल तर नेमकं तिथेच तो अडखळतो.

सोलापुरात शाळेच्या समूहगानासाठी, चर्चच्या कॉयरसाठी, युवा महोत्सवातल्या समूहगीतासाठी स्टाफ नोटेशन लिहिणारी मुलं-मुली आता बरीच दिसतात. बहुतेकांनी नोटेशन कीबोर्ड किंवा गिटारच्या परीक्षांसाठी शिकलेलं असतं. वाद्याचं लिहायला त्यांना अडचण येत नाही, गायनाची ओळ लिहिताना मात्र बीम आणि शब्द यांचा मेळ कसा घालायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुख्यतः म्यूझस्कोर धरून लिहितो आहे, कारण ते फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि शाळेच्या संगणकावर टाकायला कुणाची परवानगी विकत घ्यावी लागत नाही.

आधी ठरवा: बीम काय सांगणार?

गायनाच्या नोटेशनमध्ये बीमचे दोन संकेत आहेत. दोन्ही बरोबर आहेत, पण एका पानावर दोन्ही मिसळायचे नाहीत.

जुना संकेत अक्षराचा. प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्वर, आणि प्रत्येक स्वराला स्वतःचं सुटं शेपूट, म्हणजे फ्लॅग. एकच अक्षर दोन-चार स्वरांवर ओढलं असेल तरच त्या स्वरांना बीम. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ऑपेरा आणि चर्चसंगीताच्या प्रती अशाच छापलेल्या असतात. जुन्या भजनसंग्रहांवर वाढलेल्या कॉयरला हीच सवय असते.

नवा संकेत तालाचा. वाद्याच्या ओळीत जसे बीम ठोक्याप्रमाणे पडतात तसेच गायनाच्या ओळीतही पडू द्यायचे. अक्षर किती स्वरांवर ओढायचं हे सांगायचं काम बीमकडून काढून घेऊन स्लरकडे, म्हणजे वरच्या किंवा खालच्या वक्र रेघेकडे द्यायचं. विसाव्या शतकात लय गुंतागुंतीची होत गेली, सुट्या शेपटांच्या गर्दीत ठोका सापडेना, तेव्हा संगीतकार आणि प्रकाशक या पद्धतीकडे वळले.

आपल्या रागसंगीताची भातखंडे स्वरलिपी वाचणाऱ्याला ही विभागणी समजायला वेळ लागू नये. एका मात्रेत दोन-चार स्वर आले की आपण त्यांच्याखाली चंद्रकोर काढतो. ती चंद्रकोर फक्त काळ सांगते, अक्षराबद्दल काहीच बोलत नाही. अक्षर लांबवायचं असेल तर शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ) लिहितो. काळासाठी एक खूण, अक्षरासाठी दुसरी. नव्या संकेतात हेच होतं: बीम काळ सांगतो, स्लर आणि शब्दांच्या ओळीतली रेघ अक्षर सांगते.

माझं मत स्पष्ट सांगतो. सोलापूरच्या शाळा-कॉलेजांसाठी लिहिणार असाल तर नवा, तालाचा संकेत घ्या. मुलांना हातावर ताल धरून गायची सवय असते आणि बीम त्या हाताबरोबर चालतो. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. आपल्याकडे एकाच चालीवर दोन-तीन कडवी असतात, आणि या गावात तर एक कडवं मराठीत, एक तेलुगूत, एखादं कन्नडमध्ये असंही होतं. प्रत्येक कडव्यात अक्षरं वेगळ्या स्वरांवर पडतात. अक्षराप्रमाणे बीम करायचे म्हटलं तर कोणत्या कडव्याच्या अक्षराप्रमाणे? त्याला उत्तर नाही. ताल मात्र सगळ्या कडव्यांना एकच असतो.

कीबोर्ड आणि फॉन्ट

शब्द युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यातले जुने डीटीपी फॉन्ट इथे चालत नाहीत. त्यांत मराठी अक्षरं रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, आणि म्यूझस्कोरला तर हायफन आणि स्पेस यांवरूनच अक्षर कुठे संपलं हे कळतं. सगळा घोळ होतो.

इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. साध्या हायफनची कळ तिथे हायफनच देते, पण शिफ्ट धरून दाबली की अंडरस्कोर न येता विसर्ग येतो. अंडरस्कोर आपल्याला लागणार आहे, म्हणून तेवढ्यापुरतं इंग्रजी कीबोर्डवर जा आणि परत या. फोनेटिक कीबोर्ड असेल तर त्यात पहिली स्पेस बऱ्याचदा नुसता शब्द पक्का करते, पुढच्या स्वरावर जात नाही. सुरुवातीला एक ओळ सावकाश टाइप करून आपला कीबोर्ड कसा वागतो ते बघून घ्या.

फॉन्ट बदलायला 'फॉरमॅट' मेनूतलं 'स्टाइल' उघडा, त्यात 'टेक्स्ट स्टाइल्स' आणि त्यात लिरिक्सच्या विषम आणि सम ओळी असे दोन वेगळे प्रकार दिसतील. दोन्हींना देवनागरी फॉन्ट द्या. नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता, तिरो देवनागरी मराठी यांपैकी कोणताही चांगला दिसतो. सम ओळींना द्यायचं राहिलं तर दुसरं कडवं वेगळ्याच वळणाचं छापलं जातं.

शब्द फोडणं

इथे घाई करू नका. बीमचे बहुतेक प्रश्न खरं तर शब्द चुकीचे फोडल्यामुळे येतात.

उदाहरणासाठी एक साधी ओळ घेऊ: 'तळ्यावरी ऊन सांडे'. सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरची समजा. बोलताना आपण 'ऊन' एका झटक्यात म्हणतो, शेवटच्या 'न'मधला 'अ' उच्चारत नाही. गाताना मात्र चालीत त्या 'न'ला स्वतःचा स्वर मिळाला असेल तर तो पूर्ण 'न' होतो, 'ऊ-न' अशी दोन अक्षरं होतात. म्हणून अक्षरं मोजायची ती गाऊन, वहीतला शब्द बघून नाही. ओळ चालीत गा, प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट टेकवा, आणि जिथे बोट टेकलं तिथे फोडा. आपल्या ओळीची फोड अशी होते: त-ळ्या-व-री ऊ-न सां-डे.

जोडाक्षर मध्ये फोडायचं नाही. 'सिद्धेश्वर' उच्चारात 'सिद्-धे-श्वर' असा पडतो हे खरं, पण तसं लिहिलं की पाय मोडलेले द् दिसायला लागतात आणि वाचणारी मुलं तिथेच थांबतात. सि-द्धे-श्व-र असं लिहा. गाणारा त्यातला द् आपोआप आधीच्या स्वराच्या शेवटी घेतो. रफाराचंही तेच: सू-र्य. अनुस्वार ज्या अक्षरावर आहे त्याच्यासोबतच राहतो, त्याला वेगळा स्वर नाही.

तेलुगू कडवं असेल तर ते काम तेलुगू बोलणाऱ्या कुणाकडून करून घ्या. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरान्त असतात, त्यामुळे मराठीसारखा शेवटच्या 'अ'चा प्रश्न तिथे क्वचित येतो, पण दीर्घ-ऱ्हस्व कुठे ओढायचं हे त्यांनाच नीट सांगता येतं. सोलापुरात असं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

स्वर टाइप करणं

चाल चार चतुर्थांशात (४/४), म्हणजे एका बारमध्ये, दोन उभ्या रेघांमधल्या घरात, चार ठोके. सा म्हणजे पांढरी एक, कीबोर्डवरचा सी. पहिल्या बारमध्ये सा रे ग ग हे चार क्वेव्हर, त्यांवर त-ळ्या-व-री. मग प म हे दोन क्वेव्हर, दोन्हींवर मिळून एकच 'ऊ'. मग ग, एक पूर्ण ठोक्याचा, म्हणजे क्रॉचेट, त्यावर 'न'. दुसऱ्या बारमध्ये ग म ग रे हे चार सेमीक्वेव्हर, म्हणजे पाव ठोक्याचे स्वर, सगळ्यांवर मिळून 'सां'. शेवटी सा तीन ठोक्यांचा, त्यावर 'डे'.

नवीन स्कोर उघडताना वाद्यांच्या यादीतून व्होकल्समधला आवाज निवडा. पहिल्या बारवर क्लिक करून एन दाबा, म्हणजे स्वर टाकायची अवस्था सुरू होते. मग ४ दाबा. हा आकडा क्वेव्हरचा. आता सी, डी, ई, ई, जी, एफ या कळा दाबा. ५ दाबून ई, हा क्रॉचेट. ३ दाबून ई, एफ, ई, डी, हे सेमीक्वेव्हर. ६ दाबा, पूर्णविराम दाबा, मग सी. साधा मिनिम दोन ठोक्यांचा, हा टिंब लावलेला, म्हणून तीन ठोक्यांचा. एस्केप दाबून बाहेर या. स्वर चुकून वरच्या किंवा खालच्या सप्तकात गेला तर तो निवडून कंट्रोलसह वर-खालचा बाण दाबा.

आता पडद्यावर बघा. सॉफ्टवेअरनं पहिले चार क्वेव्हर एका बीमखाली घेतले आहेत, पुढचे दोन दुसऱ्या बीमखाली, आणि चार सेमीक्वेव्हर तिसऱ्या. बीमचे तीन गट, तिन्ही ठोक्याप्रमाणे पडलेले. पण पहिल्याखाली चार अक्षरं आहेत आणि उरलेल्या दोन्हींखाली एकेकच. नुसते बीम बघून गाणाऱ्याला हे कळायची सोय नाही. पुढच्या दोन पायऱ्या त्यासाठीच आहेत.

शब्द आणि स्लर

पहिला स्वर निवडा, कंट्रोल एल दाबा. 'त' टाइप करा आणि हायफन दाबा. कर्सर पुढच्या स्वरावर जातो. ळ्या, हायफन, व, हायफन, री. शब्द संपला, म्हणून आता स्पेस. 'ऊ' टाइप करा. पुढचा स्वरही 'ऊ'चाच आहे, म्हणून हायफन दोनदा दाबा: एकदा त्या स्वरावर जायला, एकदा त्याला ओलांडायला. मग 'न' आणि स्पेस. 'सां' टाइप करून हायफन चार वेळा दाबलात की शेवटच्या लांब स्वरावर याल, तिथे 'डे'.

ओढलेलं अक्षर शब्दाच्या मध्ये असेल तेव्हा हायफन. शब्दाच्या शेवटी असेल, म्हणजे 'डे' हाच तीन-चार स्वरांवर फिरवायचा असता, तेव्हा अंडरस्कोर. अंडरस्कोरनं अक्षरापुढे सरळ रेघ येते आणि ती शेवटच्या स्वरापर्यंत जाते. अवग्रहाचं काम ती रेघ करते, म्हणून शब्दांत ऽ ऽ ऽ टाइप करत बसू नका. स्टाफ नोटेशनमध्ये ते वाचायला जड जातं.

लांब गाणं असेल तर सगळे शब्द आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हायफन घालून लिहून काढा, मग कॉपी करून पहिल्या स्वरावर कंट्रोल एल आणि कंट्रोल व्ही करत चला. फोड आधीच कागदावर तपासलेली असते, त्यामुळे हे काम वेगानं होतं.

आता स्लर. 'ऊ'चे दोन स्वर निवडा: पहिल्यावर क्लिक, दुसऱ्यावर शिफ्ट धरून क्लिक, मग एस. 'सां'च्या चार स्वरांनाही तसंच. एकाच उंचीचे दोन स्वर जोडायचे असतील तर तो स्लर नव्हे, टाय, आणि त्याची कळ टी. हे दोन मिसळू नका. छापील पानावर दोन्ही वक्र रेघाच दिसतात, पण वाजवून बघताना फरक लगेच ऐकू येतो.

दुसरं कडवं घेऊ: 'पाण्यावरी लहर नाचे'. पा-ण्या-व-री पहिल्या चार स्वरांवर बसतं. पण पुढे 'ल' एका क्वेव्हरवर आणि 'ह' दुसऱ्यावर येतो, आणि 'र' क्रॉचेटवर. म्हणजे पहिल्या कडव्यात जिथे स्लर हवा, तिथे दुसऱ्यात नको. अशा ठिकाणी तो स्लर निवडून उजवीकडच्या किंवा डावीकडच्या प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये त्याची रेघ तुटक करा. तुटक स्लर म्हणजे 'काही कडव्यांत ओढायचं, काहींत नाही', हे कॉयरला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. बीमला हात लावायचा नाही. तो ठोका दाखवतो आहे, आणि ठोका दोन्ही कडव्यांत तोच आहे.

तालाचा संकेत घेतला असेल तर या गाण्याचं बीमचं काम इथे संपलं.

जुनाच संकेत हवा असेल तर

कॉयरमास्तरांनी सांगितलं की आमच्या गायकांना सुट्या शेपटांचीच सवय आहे, तर ती द्यावी. वयानं मोठ्या गायकांची वाचनाची सवय आपल्या सोयीसाठी मोडायची नाही.

सगळी गायनाची ओळ निवडा: पहिल्या बारच्या रिकाम्या जागेवर क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि एंड. गायनाच्या खाली पियानोची ओळ असेल तर ती निवडीत येऊ देऊ नका, तिचे बीम तसेच राहायला हवेत. मग 'बीम प्रॉपर्टीज' या पॅलेटमधलं 'नो बीम' दाबा. पॅलेट दिसत नसेल तर पॅलेटच्या वरच्या बटणातून ते यादीत आणता येतं. नावांत आवृत्तीप्रमाणे थोडा फरक दिसेल. आता सगळे बीम गेले, सगळीकडे सुटी शेपटं आली.

पुढे फक्त ओढलेली अक्षरं बघायची. 'ऊ'चे दोन स्वर निवडा आणि त्यांना परत 'ऑटो' करा. शेजारचे स्वर 'नो बीम' असल्यामुळे हे दोघेच एकमेकांशी जोडले जातात. 'सां'चे चारही तसेच. एक एक बीम हातानं जोडण्यापेक्षा ही पद्धत सोपी पडते.

एकच अडचण येते. दोन ओढलेली अक्षरं लागून आली, समजा चार क्वेव्हरपैकी दोन एका अक्षराचे आणि दोन पुढच्या, तर 'ऑटो' त्या चौघांना एकत्र बांधतं. तिथे दुसऱ्या अक्षराच्या पहिल्या स्वरावर 'ब्रेक बीम लेफ्ट' द्या, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला बीम तुटेल. उलट, ओढलेलं अक्षर ठोक्याच्या हद्दीवरून पलीकडे गेलं आणि 'ऑटो'नं मध्येच तोडलं, तर पलीकडच्या पहिल्या स्वराला 'जॉइन बीम्स' द्या. स्लर मात्र या संकेतातही द्याच. क्रॉचेट किंवा मिनिमला बीम नसतो, आणि ओढलेलं अक्षर त्यांच्यावर आलं तर स्लरशिवाय कळणार नाही.

काम बिघडलं आणि पहिल्यापासून सुरू करावंसं वाटलं तर 'फॉरमॅट' मेनूत 'रीसेट बीम्स' आहे. त्यानं सगळं परत 'ऑटो' होतं.

ताल आणि आपोआप पडणारे बीम

तालाच्या संकेतावर माझा भर आहे, तर सॉफ्टवेअरला आपला ताल कळतो का, हेही बघायला हवं. इथे आपल्या संगीताची आणि या सॉफ्टवेअरची चांगली गाठ पडते.

केरवा आठ मात्रांचा, चार-चारचे दोन विभाग. एक मात्रा म्हणजे एक क्वेव्हर धरून तो चार चतुर्थांशात लिहिला, की म्यूझस्कोर आपोआप क्वेव्हरचे चार-चारचे गट करतं. विभाग जिथे, बीमचा शेवट तिथे. काहीही करावं लागत नाही.

दादरा सहा मात्रांचा, तीन-तीन. तो सहा अष्टमांशात लिहा. तीन-तीनचे बीम पडतात आणि मुलांच्या हातातला दादरा पानावर दिसतो. तोच तीन चतुर्थांशात लिहिला तर बेरीज तीच येते, पण बीम तीन-तीनचे पडत नाहीत आणि गाणाऱ्याला मधला तोल सापडत नाही. नवशिक्यांच्या प्रतींत ही गल्लत वारंवार दिसते. बीम विचित्र पडायला लागले की आधी टाइम सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचा हा तालाचा अपूर्णांक, तपासा. दोष बऱ्याचदा तिथे असतो.

रूपक आणि झपतालासाठी मात्र सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन; सात अष्टमांशात लिहा. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन, दहा अष्टमांशात. दहा अष्टमांश म्हणजे झपताल हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, ते आपल्या हिशेबानं गट पाडतं. स्कोरमधल्या टाइम सिग्नेचरवर राइट क्लिक करून 'टाइम सिग्नेचर प्रॉपर्टीज' उघडा. त्यात 'नोट ग्रुप्स' नावाच्या भागात क्वेव्हरची, सेमीक्वेव्हरची आणि त्याहून लहान स्वरांची अशा ओळी दिसतील. जिथे नवा विभाग सुरू होतो त्या स्वरावर क्लिक करा, तिथे बीम तुटेल. झपतालात तिसरा, सहावा आणि आठवा क्वेव्हर. रूपकात चौथा आणि सहावा. ज्या स्वरांचे बीम 'ऑटो'वर आहेत ते सगळे या नव्या गटांप्रमाणे बसतात. हे काम स्वर टाकायच्या आधी करा.

ठेका विलंबित असेल आणि एका मात्रेत चार-चार स्वर भरायचे असतील तर मात्रेला क्वेव्हर धरू नका, क्रॉचेट धरा. मग बीम विभागाऐवजी मात्रा दाखवतो, अगदी भातखंड्यांच्या चंद्रकोरीसारखा.

दोन आवाज

मुलींचा वरचा आणि खालचा असे दोन आवाज एकाच स्टाफवर लिहिले तर वरच्याच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली जातात आणि दोघांचे बीमही वेगळे होतात. दोन्ही आवाज एकाच वेळी एकच अक्षर गात असतील तोवर हे सुंदर दिसतं. एकाचं अक्षर ओढलेलं आणि दुसऱ्याचं सरळ असं सुरू झालं की दोघांना वेगळे स्टाफ द्या. कागद थोडा जास्त लागतो, पण शब्दांची ओळ आपापल्या स्वराखाली राहते आणि मुलं दुसऱ्याची ओळ वाचत नाहीत.

लिलीपाँड वापरणाऱ्यांसाठी

लिलीपाँड हे नोटेशनचं दुसरं सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यात स्वर माउसनं टाकायचे नसतात, टेक्स्ट फाइलमध्ये आज्ञा लिहायच्या असतात. देवनागरी शब्द त्यात व्यवस्थित छापले जातात, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली म्हणजे झालं.

जुना संकेत हवा असेल तर गायनाच्या आवाजाच्या सुरुवातीला बॅकस्लॅश देऊन ऑटोबीमऑफ ही आज्ञा रोमन लिपीत सलग लिहा. बीम आणि ऑफ यांची पहिली अक्षरं मोठी, बाकी सगळी लहान. सगळे आपोआप बीम बंद होतात. मग ओढलेल्या अक्षराच्या पहिल्या स्वरानंतर चौकोनी कंस उघडा आणि शेवटच्या स्वरानंतर बंद करा, तिथे बीम येतो. गोल कंसानं स्लर येतो. आज्ञा ज्या आवाजात लिहिली त्यालाच लागू होते, म्हणून एका स्टाफवर दोन आवाज असतील तर दोन्हींत लिहा.

यात एक सोय आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. शब्द स्वरांना जोडताना स्लर किंवा टाय दिसला की लिलीपाँड तिथे अक्षर ओढलेलं आहे असं धरतं आणि पुढचं अक्षर त्या स्वरांवर टाकत नाही. आपोआप बीम बंद असतील तर हातानं दिलेला बीमही ते ओढलेलं अक्षर मानतं. आपोआप बीम चालू असतील तर मात्र हातानं दिलेल्या बीमला हा अर्थ राहत नाही, तिथे स्लर द्यावाच लागतो. शब्द एका स्वरानं पुढे-मागे सरकलेले दिसले तर पहिल्यांदा हे तपासा. शब्दांमध्ये अक्षरं तोडायला इथे एक हायफन चालत नाही; दोन हायफन, दोन्ही बाजूंना जागा सोडून. शब्दाच्या शेवटची रेघ हवी असेल तर दोन अंडरस्कोर.

फिनाले या विकतच्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये 'रिबीम टू लिरिक्स' नावाची आज्ञा होती, शब्द बघून बीम आपोआप तोडणारी. पण ते बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. त्यामुळे नव्यानं शिकणाऱ्यानं ते धरू नये. ज्यांच्याकडे फिनालेतल्या जुन्या फाइली आहेत त्यांनी त्या म्यूझिकएक्सएमएल या, वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या, फाइलप्रकारात काढून ठेवाव्यात.

छापण्याआधी

कुणी कीबोर्डवर वाजवून मिडी फाइल, म्हणजे कोणता स्वर कधी वाजला याची नोंद, दिली असेल तर ती उघडल्यावर दिसणारे सगळे बीम सॉफ्टवेअरनं अंदाजानं घातलेले असतात. मिडीमध्ये बीम साठवलेला नसतोच. तिथे टाइम सिग्नेचर आणि नोट ग्रुप्स आधी नीट करा, मग शब्द घाला. म्यूझिकएक्सएमएल फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलीत तर बीमची माहिती बरोबर जाते, तरी ओढलेली अक्षरं आणि तुटक स्लर एकदा डोळ्यांखालून घाला.

स्टाफचा आकार 'फॉरमॅट' मेनूतल्या 'पेज सेटिंग्ज'मध्ये बदलतो. दोन रेघांमधलं अंतर मुळात १.७५ मिमीच्या आसपास असतं. एका कागदात दोन-तीन मुलं डोकावणार असतील, आणि शाळेत तसंच होतं, तर ते २ मिमी करा. देवनागरीला वर वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरं असल्यामुळे रोमनपेक्षा जास्त उभी जागा लागते. दोन कडव्यांच्या ओळी एकमेकींना टेकत असतील तर स्टाइलमधल्या लिरिक्सच्या भागात ओळींमधलं अंतर वाढवा.

पीडीएफ काढा आणि झेरॉक्सच्या दुकानात तीच न्या, म्यूझस्कोरची फाइल नव्हे. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही, पीडीएफमध्ये तो सोबत जातो. सगळ्या प्रती काढण्याआधी एक प्रत काढून ती चाल न ऐकलेल्या मुलाच्या हातात द्या आणि हातावर ताल धरून नुसते शब्द लयीत म्हणायला सांगा, स्वर नकोत. तो जिथे थबकेल त्या बारवर पेन्सिलनं खूण करा. तिथे शब्दाची फोड, स्लर आणि बीम, याच क्रमानं तपासा.